अंगचोर

माझ्या भाचीला अंगचोर ठरवायला जे कागद वापरले गेले, त्या सगळ्यांवर माझी सही होती. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि स्वतःला मात्र मखरात बसवलं असं कुणी म्हणायला नको.

मी सोलापुरात रक्ततपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. पंचवीस वर्षं होत आली. लॅब एका डॉक्टरांची आहे. ते दुपारी तासभर येतात, रिपोर्टांवर सह्या करतात आणि जातात. शीर शोधणं, रक्त काढणं, नळ्या मशीनला लावणं, कागद छापणं आणि डॉक्टरांच्या सहीशेजारी ‘तपासणारा’ म्हणून आपली सही ठोकणं, हे सगळं माझं काम. मला त्याचा गर्व होता. तान्ह्या पोराचं रक्त मी एका टोचण्यात काढतो. शहरातल्या दोन-तीन बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर लॅबचं नाव नसतं, माझं असतं.

धाकटी बहीण पंढरपूरजवळच्या करकंबला दिली. दाजींचा ऊस आणि केळी, चार म्हशी, घरात बहिणीची सासू आणि एकच मुलगी. ती मुलगी म्हणजे ही भाची. प्रकरण सुरू झालं तेव्हा ती सातवीत होती, आता बारावीत आहे.

अंगचोर म्हणजे अंग राखून काम करणारा. ही शिवी नाही, पण शिवी बरी. शिवी रागात दिली जाते आणि राग गेला की विसरली जाते. अंगचोर हा शब्द शांतपणे, चार माणसांत, चहा पिता पिता वापरला जातो, आणि एकदा लागला की आडनावासारखा चिकटतो. भाचीला तो तेराव्या वर्षी लागला. गवताचा भारा घेऊन ती मळ्यातून निघायची आणि निम्म्या वाटेत बांधावर बसायची. शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची. संध्याकाळी अभ्यासाला बसली की पापण्या खाली यायच्या, आणि पुस्तक वाचायला ती मान मागं टाकायची. ताट धुता धुता हात खाली सोडायची. सकाळी मात्र टवटवीत असायची, आणि हाच तिच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होता. बहिणीची सासू म्हणायची, सकाळी खेळायला बरी असती की, कामाचं नाव काढलं की हिचं पाय दुखत्यात.

तरी पहिलं वर्ष कुणी काही बोललं नाही, कारण आमच्याकडं अशक्तपणाला एक ठरलेलं उत्तर आहे, रक्त कमी आहे. बाई थकली, रक्त कमी. पोरगी चक्कर येऊन पडली, रक्त कमी. गावातल्या डॉक्टरनं लाल औषधाची बाटली दिली. घरात बीट आलं, खजूर आले, गूळ-शेंगदाणे डब्यात गेले. बाटली संपली, दुसरी आली, पोरगी होती तशीच. मग बहीण तिला घेऊन माझ्याकडं आली. मी मोठ्या मायेनं रक्त काढलं, मशीनला लावलं. हिमोग्लोबिन उत्तम. पांढऱ्या पेशी, बिंबिका म्हणजे प्लेटलेट, साखर, थायरॉइड, सगळं जागच्या जागी. कागदाच्या तळाशी संगणक आपोआप ठळक अक्षरांत छापतो: नॉर्मल. मी सही केली आणि हसत म्हणालो, ‘काही झालेलं नाही हिला, सगळं नॉर्मल आहे.’

मला वाटलं, मी चांगली बातमी दिली.

तो कागद करकंबला पोचला तेव्हा त्याचा अर्थ बदलला होता. रक्त चांगलं आहे, म्हणजे आजार नाही. आजार नाही, म्हणजे आळस आहे. बहिणीच्या सासूला वाचता येत नाही, पण तिनं तो कागद घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला, आणि शेजारीण आली की नातीसमोर काढून दाखवायची. पुढच्या तीन वर्षांत बहीण आणखी सहा वेळा पोरीला घेऊन आली. सहाही वेळा मी तेच छापलं, आणि तेही कागद त्याच फळीवर गेले. काहीतरी निघावं म्हणून बहीण देवाला हात जोडायची, आणि मी तिला वेड्यात काढायचो. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ती का रडते हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

शाळेतही तेच. खेळाच्या सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ही दुसऱ्या फेरीत बसली. सर म्हणाले, डॉक्टरचा कागद आण. बहिणीनं भाबडेपणानं माझाच रिपोर्ट पाठवला. सरांनी तो वर्गासमोर वाचला आणि नॉर्मल शब्दाशी आल्यावर पोरीला विचारलं, ‘मग काय म्हणणं आहे तुमचं, बाईसाहेब?’ वर्ग हसला. त्या दिवशी तिला दोन फेऱ्या जास्त मिळाल्या. रात्रभर तिच्या पिंडऱ्या वळत होत्या, असं बहिणीनं मला नंतर सांगितलं. आपल्या सहीच्या कागदावरून एखाद्या मुलीला शिक्षा होऊ शकते, हे पंचवीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या सरांना मी अजून भेटलेलो नाही. भेटू नये हेच बरं.

आणि मग नवरात्र आलं. ती अकरावीत होती. आजार नाही, औषध लागू पडत नाही, तेव्हा आता देवीनंच बघावं असं घरात ठरलं. सासूनं नातीच्या नावानं नऊ दिवसांचा उपवास बोलला. पोरीनंच धरायचा, दिवसातून एकदा दूध-केळं, बाकी पाणी. बहीण नको म्हणाली तर दाजी म्हणाले, अख्खं गाव धरतंय, हिलाच काय होतंय. चौथ्या दिवशी पोरगी पाण्याची कळशी उचलायला वाकली आणि तिथंच पडली. श्वास जोरजोरात, उलट्या, शुद्ध अर्धवट. सोलापुरात आणून दाखल केलं. सलाइनमधून साखर गेली तशी दोन दिवसांत उठून बसली. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, उपवासामुळे अशक्तपणा, इतर तपासण्या नॉर्मल. परत तोच शब्द. अख्खं गाव उपवास करतं आणि अख्खं गाव बेशुद्ध पडत नाही, एवढा साधा हिशेब एकाही शिकल्यासवरल्या माणसाला सुचला नव्हता, आणि त्या माणसांत मीही होतो.

आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा पुण्याहून मेंदू-मज्जातंतूंच्या एक डॉक्टरबाई येतात. मार्चच्या फेरीला मी रांग मोडून भाचीला त्यांच्यापुढं बसवलं. बाईंनी माझी सातही कागदांच्या प्रतींची फाइल न उघडता बाजूला सरकवली. मला तो अपमान वाटला. त्यांनी पोरीला सांगितलं, ‘छताकडं बघ. मी सांगेपर्यंत खाली बघायचं नाही.’ मिनिटभरात पोरीच्या दोन्ही पापण्या हळूहळू उतरत आल्या, आणि तिनं सवयीनं बोट लावून डावी पापणी वर धरली. बाईंनी तिचं ते बोट हलकेच खाली घेतलं आणि बहिणीला विचारलं, ‘तुमच्या माहेरी कुणी असं बोटानं पापणी धरायचं का?’

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं.

आमची आई विड्या वळायची. शहराच्या पूर्व भागात आमची दोन खोल्यांची जागा होती. आई सकाळी सूप मांडीवर घेऊन बसली की दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. दुपारनंतर तिच्या पापण्या खाली यायच्या, मग ती डाव्या हाताच्या बोटानं पापणी वर धरून पानाचं टोक कुठं दुमडायचं ते बघायची, बोट सोडायची, विडी वळायची, पुन्हा बोट. चाळीसभर बायका त्या गल्लीत विड्या वळायच्या, असं एकटी तीच करायची. आम्ही समजायचो, तिला झोप येते. पन्नाशीच्या आत गेली. कशानं, ते कुणी नीट सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, बाई थकून गेली असं म्हणालो.

हे ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी मलाच समोर बसवलं आणि छताकडं बघायला लावलं. माझी डावी पापणी थोडी खाली आहे. मला वाटायचं, सूक्ष्मदर्शकात बघून बघून झाली असेल.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. अंगातल्या प्रत्येक पेशीला काम करायला ताकद लागते, आणि ती ताकद अन्नातून आणि प्राणवायूतून पेशीतच तयार होते. ती करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. चुलीसारखेच म्हणा. हे कण बिघडलेले असले तर जेवण पोटभर, रक्त भरपूर, तरी ताकद निघत नाही. स्नायू, डोळे, मेंदू यांना ताकद जास्त लागते म्हणून ते आधी हरतात. उपाशी ठेवलं किंवा पळवलं तर माणूस कोसळतो. हे कण बाळाला फक्त आईकडून मिळतात, बापाकडून नाही. म्हणून माझ्यात असलं तरी माझ्या पोरांत उतरणार नाही, आणि बहिणीतलं मात्र भाचीत उतरू शकतं.

हे ऐकताना मी मान हलवत होतो, पण पुढचं वाक्य ऐकलं आणि माझी मान थांबली. तांबड्या पेशींत हे कण नसतातच. म्हणजे ज्या तांबड्या रक्तासाठी पोरीला चार वर्षं बीट आणि बाटल्या पाजल्या, ज्याचा आकडा मी सात वेळा छापला, त्यात हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. कण असतात ते पांढऱ्या पेशींत आणि बिंबिकांत. त्याही मी सात वेळा मोजल्या होत्या. नुसत्या मोजल्या होत्या. किती आहेत हे बघितलं, कामाच्या आहेत का हे नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नक्की करायचे दोन रस्ते होते. एक जुना, मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासायचा. ते नाव काढताच बहिणीनं पोरीचा हात घट्ट धरला. दुसरा, पुण्यात संशोधन करणारी एक प्रयोगशाळा रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत असताना वेगळ्या करते आणि त्या किती प्राणवायू वापरतात ते मोजते. बाईंनी स्पष्ट सांगितलं, एवढ्यावर निदान पक्कं होत नाही आणि कधी कधी रक्तात दोष सापडतही नाही. पण सापडला तर दिशा कळते, मग जनुकांची तपासणी, आणि सुरी लावायची वेळ बहुतेक येत नाही. मुलीला पुण्याला आणा, नाहीतर रक्त त्याच दिवशी पोचवा.

मी म्हणालो, पोरीला कशाला हेलपाटा, रक्त मी काढतो. पंचवीस वर्षांचा गर्व बोलत होता.

एप्रिल होता. एप्रिलमधलं सोलापूर ज्यानं बघितलंय त्याला जास्त सांगायला नको. सकाळी दहालाच रस्त्यावर कुत्रं नसतं. प्रयोगशाळेनं सूचनांचा कागद पाठवला होता. हिरव्या टोपणाची नळी, बर्फ नको, फ्रीज नको, नमुना रूम टेम्परेचरला ठेवावा. रूम टेम्परेचर! कुणाच्या रूमचं? ज्यानं ते लिहिलं त्याच्या एसीच्या रूमचं, की आमच्या बहिणीच्या पत्र्याखालच्या रूमचं, जिथं दुपारी तुपाचं पाणी होतं? मी कागद दोनदा वाचला आणि शहाणपणा केला. नमुना गरमीत सडू नये हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेलं. लॅबमधला प्रत्येक माणूस रक्त बाहेर धाडताना बर्फाच्या पिशव्या घालतो, हात आपोआप तिकडं जातो. मीही पोरीचं रक्त काढलं, डब्यात दोन पिशव्या घातल्या, वर नळी ठेवली, डबा चिकटपट्टीनं बंद केला आणि पुण्याला निघालेल्या गाडीत स्वतः नेऊन दिला. संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. पेशी गारठून गेल्या होत्या, तपासणी करता येणार नाही, रक्त पुन्हा लागेल.

मी त्या मुलीवर फोनवर ओरडलो. म्हणालो, सोलापुरात या एकदा, मग रूम टेम्परेचर लिहा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, बरोबर आहे तुमचं. पण मग आम्हाला एक फोन करायचा होतात.’ मी फोन ठेवला.

खरा घोळ पुढं झाला. बहिणीनं घरी सांगितलं की पुण्याहून काही निघालं नाही. तिला म्हणायचं होतं, रिपोर्टच निघाला नाही. घरानं ऐकलं, आजार निघाला नाही. पुण्याच्या मशीनलासुद्धा काही दिसलं नाही, मग आता राहिलं काय? सासूचं म्हणणं ठरलेलं होतं. देवीचा उपवास अर्धा मोडलाय, त्याचाच कोप आहे, राहिलेले पाच दिवस पोरीनं पुरे करायचे. दिवसही नेमले, पुढच्या मंगळवारपासून.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी सुई हातात धरून उभा होतो. ती एवढंच म्हणाली, ‘दादा, ह्या बारीला पोरगी उठायची न्हाय.’ मी समोरच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि सुई ट्रेमध्ये ठेवली. मी दाजींना फोन करतो म्हणालो. ती नको म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या बहिणीनं त्या घरात आवाज चढवलेला नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही. सोमवारी सकाळी म्हशींच्या धारा काढल्या, सासूचा चहा केला, आणि पोरीला घेऊन एसटीनं सोलापूरला आली. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, माघारी हाकललं तर तुझ्याकडं राहीन. आम्ही तिघं तशीच पुण्याची गाडी धरली. मी भाचीला दर तासाला काहीतरी खायला घालत होतो आणि ती दर वेळी विचारत होती, ‘मामा, आज उपास न्हाय ना?’

प्रयोगशाळेत ज्या मुलीवर मी ओरडलो होतो तिनंच रक्त काढलं. एका टोचण्यात. मी बघत होतो, नाव ठेवायला जागा नव्हती. पेशी वेगळ्या करायला वेळ लागतो, तोवर तिनं मला काचेतून मशीन दाखवलं. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त सोबत लावावं लागतं, असं ती म्हणाली. मी बाही वर केली. ती हसली. म्हणाली, ‘तुम्ही चालणार नाही सर, तुम्ही आईकडचे.’ शेवटी त्यांच्याच एका कर्मचाऱ्यानं हात पुढं केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रक्तात दोष शोधला, आणि माझं रक्त निरोगी माणसाचं म्हणून चालत नाही हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी बाही खाली केली.

काही दिवसांनी डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. पेशींना एका औषधानं जोर लावायला लावतात, पळायला लावल्यासारखं. त्या कर्मचाऱ्याची रेषा सरळ वर गेली. भाचीची जरा उठली आणि बसली. निम्म्या वाटेत, बांधावर. भाचीनं विचारलं, ‘ही माजी हाय?’ बाई म्हणाल्या, हो. पोरगी कितीतरी वेळ त्या रेषेकडं बघत होती. मग आईकडं वळून म्हणाली, ‘बग की. मी खोटं बोलत नव्हते.’

बहीण रडली. मी खिडकीबाहेर बघितलं. मला त्या क्षणी आनंद झाला नाही, भयंकर राग आला. सतरा वर्षांच्या मुलीला मी खोटं बोलत नाही एवढं सिद्ध करायला स्वतःच्या पेशी साक्षीला आणाव्या लागतात. तिच्या शब्दाला काहीच किंमत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आपण किती तरबेज आहोत, आणि कागद मिळाला की किती निर्धास्तपणे देतो.

पुढं जनुकांची तपासणी झाली, दोष पक्का झाला, आईकडूनच आलेला. हा आजार बरा होत नाही. बाईंनी ते लपवलं नाही. सांभाळता येतो. उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं सारखं खायचं, झेपेल तेवढंच चालायचं, काही औषधं कधीही द्यायची नाहीत, आणि तसा कागद कायम जवळ ठेवायचा. मी लॅबमध्ये येऊन आधी संगणकातला तो ठळक शब्द काढून टाकला. आता तळाशी छापून येतं, ‘या तपासण्यांत दोष आढळला नाही.’ आमचे डॉक्टर म्हणाले, अरे, लोक घाबरतील. मी म्हणालो, घाबरू द्या थोडे.

बाईंचा तो कागद घेऊन मी स्वतः करकंबला गेलो. दाजी ओट्यावर, सासू दारात, भाची आत. मी एकेक गोष्ट सोपी करून सांगितली. दाजींनी मान खाली घालून ऐकलं, उपवासाचा विषय संपला असं आपणहून म्हणाले. पुढं म्हणाले, उद्या शाळेत मी जातो, त्या सराला मी भेटतो. सासूनं मात्र सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि एकच गोष्ट उचलली.

‘म्हंजी पावणं, ह्ये तुमच्याच कडनं आलं की.’

इतके महिने जो राग मी इकडं तिकडं काढत होतो तो एका जागी गोळा झाला. बहीण चुलीजवळ उभी होती, तिच्याकडं सगळ्यांच्या नजरा गेल्या होत्या. पोरीला अंगचोर म्हणून झालं, आता आईला गुन्हेगार म्हणायची तयारी चालली होती. मी आवाज न चढवता म्हणालो, ‘व्हय मावशी. आजार आमच्याकडनं आला. माझ्या आईकडनं आला. पण अंगचोर हा शब्द तुमच्याकडनं आला. आजाराला औषध न्हाय. त्या शब्दाला हाय, तो बंद करा.’

देव्हाऱ्याच्या फळीवरचे माझे जुने कागद म्हातारीनं काढले आणि माझ्या हातात दिले. मला वाटलं, जिंकलो.

बहीण मला सोडायला स्टँडपर्यंत आली. बाजाराचा दिवस होता, गाडीला वेळ होता, आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी सावलीत उभे राहिलो. मी अजून तोऱ्यातच होतो. म्हणालो, बरी खोड मोडली म्हातारीची. बहिणीनं माझ्या हातातले कागद सरळ केले. मग म्हणाली, लई बरं बोललास, माझ्या बाजूनं त्या घरात कुणीतरी बोललं. आणि रस्त्याकडं बघत विचारलं,

‘दादा, आईला तू काय म्हनायचास?’

मी म्हणालो, काय म्हणायचो? एसटी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो, ती हात हलवून परत फिरली. मांडीवर माझ्या सहीचे सात कागद होते. पंढरपूर मागं पडेपर्यंत मी आठवत नाही असं स्वतःला सांगत होतो, आणि मला सगळं आठवत होतं.

वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत नेऊन द्याव्या लागायच्या. शाखा वरच्या मजल्यावर होती. गल्लीतल्या बाकीच्या बायका आपापली विड्यांची पाटी आपण घेऊन जायच्या. आमच्या आईला तो जिना चढवायचा नाही, म्हणून शाळेतून आल्यावर पाटी मी न्यायचो. मी आठवीत होतो, पोरं चिडवायची, मला त्या पाटीची लाज वाटायची. एकदा शेजारच्या बाईनं दारातच विचारलं, का रे, आई बरी न्हाय व्हय? मी पाटी उचलली आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, बरी हाय की, काय झालं न्हाय तिला, अंगचोर हाय नुसती. धाकटी बहीण उंबऱ्यावर बसली होती. आईनं बोटानं पापणी वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि पुढचं पान हातात घेतलं.